मार्केट रिसर्चमध्ये करिअर करायचंय? मग या चुका टाळा

फोंड्यात, डिचोलीत बीकॉम-बीबीए झालेल्या मुलांना मार्केट रिसर्च म्हटलं की दोनच माणसं दिसतात. एक उन्हातान्हात फॉर्म भरत फिरणारा, दुसरा बंगळूरच्या एसी ऑफिसात बसून स्लाइड्स करणारा. पहिल्याचं काम चुकवून थेट दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं, ही या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक. बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून येतात.

फील्ड चुकवणं

ज्याने फील्ड, म्हणजे लोकांत फिरून मुलाखती घ्यायचं काम, केलेलं नाही, त्याला दुपारी एक ते चार गोव्यात काय चालतं याचा पत्ता नसतो. दुकानं बंद, घरात माणसं आडवी झालेली. त्या वेळी बेल वाजवलीत तर दार उघडेल, पण उत्तरं 'हो', 'नाही', 'माहीत नाही' एवढीच मिळतील. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी उभं राहिलं की पेडणे, बार्देश, डिचोलीची माणसं एकाच जागी भेटतात आणि कोटा, म्हणजे कुठल्या प्रकारच्या किती माणसांशी बोलायचं याचा ठरलेला आकडा, झटपट भरतो. पण वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात शिफ्टला गेलेला माणूस त्या गर्दीत नसतो. तो हवा असेल तर संध्याकाळी किंवा रविवारी त्याच्या घरी जावं लागतं.

महिन्यांचंही तेच. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, मागोमाग श्रावण, मग चतुर्थी. या काळात मासळीच्या खरेदीचा सर्व्हे घेऊन वर्षाचा हिशेब मांडला, तर आकडेमोड बरोबर असूनही निष्कर्ष साफ चुकेल. पर्यटनावर चालणाऱ्या धंद्यांचा अभ्यास नुसत्या डिसेंबरात केलात तरी तीच गत.

'घ्याल का?' असं विचारणं

इथे जरा थांबतो, कारण नवी मुलं सगळ्यात जास्त इथेच घसरतात. समजा, एका बेकरीला पाकीटबंद पोई, म्हणजे आपला गव्हाचा गोल पाव, विकायची आहे. प्रश्न तयार होतो : 'ताजी, स्वच्छ आणि पौष्टिक पोई पाकिटात मिळाली तर तुम्ही घ्याल का?' दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. सगळे म्हणतील, घेऊ की! वर एकाच प्रश्नात ताजी, स्वच्छ आणि पौष्टिक अशा तीन गोष्टी कोंबल्यात. 'हो' नक्की कशाला मिळालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा. काल सकाळी नाश्त्याला काय होतं? पाव कुणी आणला? पोदेर (पाववाला) दारात येतो की दुकानातून आणता? शेवटची पोई कधी घेतली, किती घेतल्या, उरल्या त्यांचं काय केलं? पोदेर आला नाही त्या दिवशी काय खाल्लं? या शेवटच्या प्रश्नात बेकरीचं खरं गिऱ्हाईक सापडतं. पोदेर रोज दारात येत असेल तर पाकिटाची गरज भासणारच कुणाला?

प्रश्नावली इंग्रजीत लिहून शब्दाला शब्द मराठीत आणली की ती सरकारी परिपत्रकासारखी वाजते. फील्डला जाण्याआधी शेजारच्या काकूंना मोठ्याने वाचून दाखवा. त्या जिथे 'म्हणजे काय रे?' म्हणतील ते वाक्य बदला. वास्कोत हिंदी लागेल, सासष्टीत कोंकणी. उत्तर कुठल्याही भाषेत येवो, ते माणसाच्याच शब्दांत टिपा. 'समाधानी' हा शब्द तुमचा असतो, त्याचा नसतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपलाच बाजार समजणं

गूगल फॉर्म कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचा, ३० उत्तरं आली की '६० टक्के लोकांना आवडलं' असं लिहून मोकळं व्हायचं. ३० पैकी १८ म्हणजे ६० टक्के हे खरं. पण ती माणसं अगदी रँडम, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी, निवडलेली असती, तरी खरा आकडा ४२ ते ७८ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकला असता. ४०० माणसांच्या रँडम सॅम्पलला ही चूकभूल दोन्ही बाजूंना पाचेक टक्क्यांवर येते. आणि ग्रुपमधली मित्रमंडळी रँडम नसतातच, त्यामुळे तिथे ४०० उत्तरं जमवूनही उपयोग नाही. अशा वेळी टक्के लिहूच नका. '३० जणांशी बोललो, १८ जणांनी असं सांगितलं' हे वाक्य जास्त प्रामाणिक आहे.

नोकरीच्या इंटरव्ह्यूत एनसीसीएसवर अडकणं

एनसीसीएस (न्यू कन्झ्युमर क्लासिफिकेशन सिस्टिम) ही राहणीमानानुसार घरांची वर्गवारी २०११ मध्ये आली. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी किती घरात आहेत, यावरून ती ठरते. तिच्या जागी आता आयएसईसी (इंडियन सोशिओ-इकॉनॉमिक क्लासिफिकेशन) येते आहे, तीही वाचून ठेवा. पण पाठांतर पुरत नाही. आपल्याकडे कमावता माणूस जहाजावर किंवा आखातात, आणि उत्तरं देणारी बायको किंवा सासू, अशी घरं पुष्कळ. तिथे शिक्षणाच्या रकान्यात कुणाचं शिक्षण लिहायचं, हे चटकन सांगता आलं पाहिजे.

घरी बसून फॉर्म भरणं

हे सांगावं लागू नये, पण सांगतो. पावसात कोटा राहतो, सुपरवायझर मागे लागतो, आणि शेवटचे पाच फॉर्म चहाच्या टेबलावर भरले जातात. बॅकचेकला, म्हणजे मुलाखत खरंच झाली का हे तपासायला, फोन जातो, टॅबमध्ये वेळ आणि जागा नोंदलेली असते. वीस मिनिटांची मुलाखत चार मिनिटांत संपलेली लगेच दिसते. कोटा खरंच भरत नसेल तर तसं कळवा. विशिष्ट वयाची माणसं त्या भागात मिळतच नाहीत, ही क्लायंटच्या कामाची माहिती आहे.

एसपीएसएसचं सर्टिफिकेट, पण दाखवायला काम नाही

एसपीएसएसचा, म्हणजे आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचा, कोर्स करा, एक्सेल पक्कं करा. पण सोबत स्वतः केलेला एक छोटा अभ्यास असू द्या : तुमच्या वाड्यावरचं किराणा दुकान, पंधरा गिऱ्हाइकं, प्रत्येकाशी अर्धा तास. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या, आणि नाव-नंबर कामापुरतेच ठेवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे. मग दोन पानांचं टिपण लिहा. दुकानदाराला काय ठरवायचं होतं, कुणाशी बोललात, काय कळलं, त्याने आता काय करावं. किती जणांनी बोलायला नकार दिला आणि कोणती माणसं गाठताच आली नाहीत, तेही त्यात लिहा. जाणता मुलाखतकार आधी त्याच ओळी वाचतो.