पहिला दौरा जवळचाच करा

गाण्याच्या कार्यक्रमांच्या पहिल्याच दौऱ्यात पुणे-मुंबई गाठायला जाऊ नका, भाड्यातच मराल. आम्ही नागपूरहून वर्धा, अमरावती, चंद्रपूर धरलं. वर्धा 75 किलोमीटर, बाकीची दोन्ही 150 च्या आसपास. रात्री घरी परत. दोन गिटार, एक दिमडी, माइक नाही. तीन महिन्यांत त्याच गावी पुन्हा जा. वर्ध्यात आधी 11 जण होते, त्यातले सात पुढच्या वेळी मित्रांना घेऊन आले.

ऐकणाऱ्यांत पैशांसाठी झोळी फिरवण्याआधी स्वतःची 50 ची नोट टाका. रिकाम्या झोळीत कोणाचा हात जात नाही. सोबत नाव-नंबरची वहीही फिरवा.

मे महिन्यात मात्र निघू नका बाप्पा! 45 डिग्रीत, बंद गाडीत, माझ्या गिटारचं लाकूड चिकटवणारा सरस पातळ होऊन ब्रिजच, म्हणजे तारा अडकवायची पट्टीच, उचकटला. त्या रात्री नुसत्या टाळ्यांवर गायलो.