वर्गणीची शीट आणि मोकाट लिंक: माझा अनुभव

इंदूरच्या आमच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची गूगल शीट लिंक असलेल्या कुणालाही बदलता येत होती. देणगीदारांचे फोन नंबरही त्यातच! लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती ती, म्हणून आधी हेच काम हाती घेतलं.

शीट माजी सचिव ताईंच्या खात्यावर होती. त्यांनी शेअरच्या खिडकीतून मालकी देऊ केली, मंडळाच्या खात्यातून आम्ही ती स्वीकारली. मग 'जनरल ॲक्सेस' 'रिस्ट्रिक्टेड' केला, म्हणजे नुसत्या लिंकवरून शीट उघडणं बंद झालं, आणि खजिनदार काकांसह मोजक्यांना ईमेलने 'एडिटर' केलं, म्हणजे बदल करायची परवानगी दिली. एडिटर पुढे आणखी कुणालाही शेअर करू शकतो. ते नको असेल तर मालकाने शेअरच्या खिडकीतल्या गिअरच्या चिन्हात जाऊन एडिटरला शेअर करू देणाऱ्या पर्यायासमोरची खूण काढायची. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं.

फोन नंबरांचा टॅब नुसता लपवावा, असं काहींचं म्हणणं होतं. मला ते अजिबात पटलं नाही. नुसतं बघायची परवानगी असलेल्यालाही शीटची प्रत काढता येते आणि प्रतीत लपवलेला टॅब उघडता येतो. टॅबला कुलूप लावायची 'प्रोटेक्ट' ही सोय वापरली तरी बदल थांबतो, वाचणं नाही. म्हणून नंबर वेगळ्या फाइलमध्ये नेले, ती फक्त काकांना उघडते. जुन्या शीटमधून टॅब काढून टाकला.

फोल्डर बंद केलं तरी आतल्या एखाद्या फाइलची स्वतंत्र लिंक चालू राहू शकते. पावत्यांच्या फाइली त्यासाठी एकेक करून तपासल्या.