खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मेंटेनन्सला रुजू होताय? आधी रात्रीची धुलाई बघा

नव्याने आलेल्या इंजिनिअरच्या हाती पहिल्याच दिवशी प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं, म्हणजे बिघाडाआधीच करायच्या देखभालीचं, वेळापत्रक येतं. ते वाचायच्या आधी काही रात्री धुलाईच्या शिफ्टला हजर राहा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. तीन पाळ्यांत चालणाऱ्या लाइनचे निम्मे आजार तिथे कळतात.

यंत्र चालून झिजतंच, पण इथे ते रोज गरम पाणी, कॉस्टिक (धुलाईचा तीव्र सोडा) आणि साफसफाईचा फोमही सोसतं. दिवसभर तापलेल्या बेअरिंगवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पातळ होतं, गंज धरतो आणि बेअरिंग जाम होतं ते काही दिवसांनी, ऐन प्रॉडक्शनमध्ये. नोंदवहीत कारण पडतं ‘बेअरिंग गेलं’. अशा नोंदीवर समाधान मानू नका. पाणी कुठून शिरलं, प्रेशरचा पाइप थेट सीलवर मारला जातो का, हे धुणाऱ्या माणसांना विचारा. त्यांना माहीत असतं. त्यांना कोणी विचारत नाही.

ग्रीसिंग धुलाईनंतर लगेच करावं, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं. पण बेताने. जास्त दाबलं तर सील फाटतं आणि ग्रीस मालावर गळतं. फूड-ग्रेड म्हणजे एच-1 ग्रीस असलं तरी ते खाण्याची वस्तू होत नाही; अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेच्या नियमात अशा ग्रीसमधल्या खनिज तेलाला अन्नात 10 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 10 भागांची, मर्यादा आहे. शिवाय दोन जातींची ग्रीस एकत्र आली तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. प्रत्येक ग्रीसगनवर नाव लिहा.

गॅस्केटचं, म्हणजे पाइपच्या जोडात बसणाऱ्या रबरी चकतीचंही तसंच. ईपीडीएम रबर कॉस्टिक आणि वाफेला छान टिकतं, पण तेल-तुपाच्या लाइनवर फुगतं. स्टोअरमधून ‘त्याच मापाचं’ आणून बसवू नका.

तासांवर आधारित पार्ट बदलण्यावर माझा फारसा विश्वास नाही. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या 1978 च्या अहवालात विमानाच्या जेमतेम 11 टक्के भागांत वयानुसार बिघाड वाढताना दिसला होता. आपल्याकडे बेल्ट, सील, गॅस्केट वयाने जातात, ते ठरल्या वेळी बदला. मोटर, गिअरबॉक्स मात्र तापमान, आवाज, कंपन बघून ठरवा.

प्रॉडक्शन लाइन थांबवू देत नाही, ही तक्रार सगळीकडे ऐकाल. धुलाईसाठी गार्ड, म्हणजे यंत्राची संरक्षक झाकणं, उघडलेच जातात, बेल्ट सैल होतात. तेव्हाच टॉर्च घेऊन तपासणी उरका. वेगळा थांबा मागायची वेळ कमी येते. यासाठी सॅनिटेशनच्या, म्हणजे धुलाईच्या, सुपरवायझरशी आठवड्याचं नियोजन एकत्र बसून करावं लागतं.

आणि लाइन परत देताना हत्यारं मोजा, जुने बोल्ट-वॉशर मोजा, तार किंवा टेप लावून केलेली तात्पुरती दुरुस्ती तारखेसह लिहून द्या. मालात पडलेला धातू शोधणारा मेटल डिटेक्टर लोखंडापेक्षा स्टेनलेस स्टीलचा तुकडा अवघडपणे पकडतो आणि आपली बहुतेक यंत्रं स्टेनलेसचीच असतात.