नागपूरच्या परसात अनवट औषधी वनस्पती

तुळस, कोरफड आणि गवती चहा यांच्यापलीकडचे काही लावायचे असेल, तर रोपे आणण्याआधी जुलैअखेरीस आपलेच अंगण नीट पाहावे. कुंपणाच्या कडेला आणि नळाच्या ओलीत आपोआप उगवणारे जे आपण तण म्हणून उपटून टाकतो, त्यात माका आणि भुईआवळा बहुधा असतातच. माक्याची फुले बारीक व पांढरी असतात आणि खोड चुरडले की त्याचा रस थोड्याच वेळात काळा पडतो. पिवळ्या फुलांचा तथाकथित माका ही निराळीच वनस्पती आहे. भुईआवळ्याच्या पानांच्या डहाळीच्या खालच्या बाजूस इवली हिरवी फळे ओळीने लटकतात.

ओळख पक्की होईपर्यंत काहीही तोंडात घालू नये. याच दिवसांत झुडपांत फुलणारी कळलावी दिसायला अतिशय देखणी असली, तरी तिच्या सर्वांगात, विशेषतः कंदात, कोल्चिसीन हे जहाल विष असते. लहान मुले असलेल्या घरात ती लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेंच किंवा मेळघाटच्या संरक्षित जंगलातून रोपे उपटून आणण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. रोपे विश्वासू रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

आपल्याकडची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कंदवर्गीय वनस्पती तिच्यात सडतात. ढोबळमानाने दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळून वीतभर उंच गादीवाफा करावा. सफेद मुसळी अशाच वाफ्यात पाऊस स्थिरावल्यावर लावावी. तिची बोटासारखी मुळी वरच्या खोडाचा तुकडा शाबूत असेल तरच फुटते. नुसती मुळी कितीही जाड असली तरी उगवत नाही. पावसाळा संपल्यावर पाने पिवळी पडून गळतात, तेव्हा रोप मेले असे समजून खणू नये. पाणी तोडून मुळ्यांची साल गडद होईपर्यंत त्यांना जमिनीतच राहू द्यावे.

माझ्या दृष्टीने विदर्भातल्या माणसाने आवर्जून लावावी अशी वेल म्हणजे पानपिंपळी. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या परिसरात, पानमळे करणाऱ्या बारी समाजाने ही वेल पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे आणि घराच्या अंगणातही ती वाढवता येते. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. औषधात वापरली जाणारी फळे मादी वेलीलाच धरतात, म्हणून आखूड, जाडसर कणसे येणाऱ्या वेलीचेच तीन-चार पेरांचे छाट घ्यावेत. लांब, बारीक कणसे नर वेलीची असतात. पूर्वेकडच्या भिंतीलगत किंवा शेवग्याच्या विरळ सावलीत, भरपूर शेणखत घालून छाट लावावेत. खरी परीक्षा मे महिन्यात होते. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, झळा लागतात, तेव्हा दुपारी हिरवी जाळी, बुडाशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन आणि सकाळ-संध्याकाळ बेताचे पाणी, या तिन्हींवाचून वेल टिकत नाही. फळे हिरवी व टणक असतानाच तोडून उन्हात वाळवावीत.

गुडमार ही वेल त्यामानाने काटक आहे. पावसाळ्यात पक्व फांदीचा छाट लावून मांडवाचा आधार दिला की पुरे. खात्रीच्या रोपवाटिकेतून आणलेल्या वेलीचे एक पान चावून साखर जिभेवर ठेवली, तर काही वेळ गोडी लागत नाही आणि साखर वाळूसारखी वाटते. मात्र हा पाला रक्तातील साखरही उतरवू शकतो, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचे नियमित सेवन सुरू करू नये.