केस लावलेत हे कुणाला कळू नये, तर

डोंबिवलीत माझं सलून आहे. हेअर ट्रान्सप्लांट करून आलेली डोकी नेहमी हाताखालून जातात. पाणी मारून केस मागे घेतले की डॉक्टरांचं काम कसं आहे ते लगेच दिसतं. म्हणून कुणी विचारलं, तर मी आधी कपाळावरच बोलतो.

खरी कपाळरेषा सरळ नसतेच. अगदी पुढे एकेकटे, बारीक केस असतात, थोडे पुढेमागे. दाटी त्यांच्यामागे सुरू होते. डोक्याच्या मागून मुळासकट काढून पुढे लावतात त्या बारीक तुकड्याला ग्राफ्ट म्हणतात; एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. तीन-चारवाले पुढच्या ओळीत लावले की बाहुलीच्या डोक्यासारखे झुपके दिसतात, मग मी कितीही कटिंग करू दे, लपत नाहीत. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, पुढे एकेरी केसच लावणार ना? आणि त्यांचा कल? पुढचे केस कपाळाकडे झुकलेले हवेत, उभे नकोत. कानशिलांवरचे कोपरेही पार भरून घेऊ नका, पुरुषाच्या चेहऱ्याला ती खाच शोभते.

कॉलेजमधला फोटो दाखवून ‘अशीच रेषा द्या’ म्हणू नका. मागून काढलेलं मूळ तिथे परत येत नाही, त्यामुळे तो साठा जपून वापरायचा. पंचविशीत सगळा पुढे खर्च केला आणि टक्कल वाढतच गेलं, तर पुढे केसांची पट्टी उरते आणि तिच्यामागे भोवऱ्यापर्यंत मोकळी टाळू. नंतरही औषधं चालू ठेवायला सांगतात ती त्यासाठीच.

मागे बारीक केस ठेवत असाल तर तेही आधी सांगा. ग्राफ्टसाठी मागून कातडीची पट्टी काढली तर आडवा व्रण राहतो. माझ्याकडे येणाऱ्या एका दादांना मी मागे चार नंबरच्या खाली मशीन लावतच नाही, कानापासून कानापर्यंत पांढरी रेघ उघडी पडते. एकेक मूळ काढलं तर बारीक ठिपके राहतात, पण फार काढलं की मागची बाजूच विरळ दिसते.

प्लास्टिक सर्जन किंवा शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञच निवडा; राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये हेच सांगितलंय. छेद कोण देणार, डॉक्टर की टेक्निशियन, हेही विचारा.

लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, घाबरू नका. तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात, खरं रूप वर्षभराने कळतं. पहिल्या कटिंगला डॉक्टरांना विचारूनच या, आणि खुर्चीत बसल्याबसल्या न्हाव्याला सांगा, म्हणजे तो पुढे वस्तरा लावणार नाही.