सोलापूरच्या उन्हात पारदर्शक लाकूड

एप्रिल-मेमधलं सोलापूरचं ऊन लाकूड पारदर्शक करायला अगदी योग्य. लाकडाचा तपकिरी रंग लिग्निनमधल्या (तंतू एकत्र धरून ठेवणाऱ्या घटकातल्या) रंगद्रव्य गटांचा असतो. पेरॉक्साइड आणि अतिनील किरण ते गट मोडतात, लिग्निनचा सांगाडा मात्र टिकतो. ही रीत 2021 मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडली.

1 मिमी जाडीचा बाल्साचा (हलक्या, सच्छिद्र लाकडाचा) पत्रा घ्या. सागवान तेलकट आणि घट्ट, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा आणि पत्रा गच्चीवर कडक उन्हात ठेवा. सुकला की पुन्हा लावा, पांढराफेक होईपर्यंत. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा हवाच. थेंब कातडीवर पडला तर पांढरा डाग पडून आग होते. चादरीच्या नक्षीचा स्टेन्सिल ठेवून फक्त नक्षीवर लावलं, तर शेवटी तेवढाच भाग पारदर्शक होतो!

मग पत्रा इथेनॉलमध्ये 5-6 तास बुडवा, मधे एकदा ते बदला. आत पाणी राहिलं तर नंतर भरायची इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रेझिन) धुरकट होते.

खरी कसोटी इपॉक्सी भरण्याची. सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा, अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे 1.53, इपॉक्सीचा 1.5च्या आसपास, त्यामुळे प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो; हवेचा मात्र 1. म्हणून आत अडकलेला प्रत्येक बुडबुडा पांढरा ठिपका दिसतो. पातळ, सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी घ्या, व्हॅक्यूम पंपाने हवा ओढा, सोडा, पुन्हा ओढा. हे काम पहाटे करा: दुपारच्या उकाड्यात मिश्रण भांड्यातच गोठतं.

उष्णता अडवायची असेल तर इपॉक्सीत सिझियम टंगस्टन ऑक्साइडचे नॅनोकण मिसळतात. ते अवरक्त किरण शोषतात. गुठळ्या राहिल्या तर पारदर्शकता जाते.