जुन्या गेममधला व्हिडिओ उलगडताना: कॉम्प्रेशन शिकणाऱ्यांसाठी

कॉम्प्रेशन शिकायचं ठरवल्यावर मी थेट आजच्या कोडेकला (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या आणि परत उलगडणाऱ्या प्रोग्रॅमला) हात घातला आणि दोन महिने नुसता चाचपडत राहिलो. मग १९८९ च्या ऑटोडेस्क अॅनिमेटर या अॅनिमेशन प्रोग्रॅमची एफएलआय फाइल घेतली. नवीन मुलांना मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

आधी कागदावर हिशोब मांडा. ३२० × २०० चं चित्र, पिक्सेलला एक बाइट, म्हणजे फ्रेमला ६४,००० बाइट. सेकंदाला १५ फ्रेम धरल्या तर ९,६०,०००. सुरुवातीचा सीडी-रॉम ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम १५० किलोबाइट द्यायचा, आणि आवाजही त्यातच बसवायचा. हा हिशोब हाताने केला की वेस्टवूड आणि ल्यूकसआर्ट्स या गेम कंपन्यांनी व्हीक्यूए आणि स्मश हे आपापले व्हिडिओ फॉरमॅट स्वतः का लिहिले, ते आपोआप कळतं. गेमवाल्यांना आयतं वापरता येणारं, रॅड कंपनीचं स्मॅकर आलं १९९४ मध्ये.

एफएलआयमध्ये पहिली फ्रेम पूर्ण असते, पुढे फक्त बदललेले पिक्सेल. ऐकायला सोपं, पण माझी पहिली फ्रेम नीट दिसायची आणि दुसरीपासून चित्राच्या चिंध्या. तीन रात्री गेल्या. फाइलमध्ये पिक्सेलच्या प्रत्येक गटाआधी एक आकडा असतो. पूर्ण फ्रेममध्ये तो धन असेल तर पुढचा एक बाइट तितक्यांदा गिरवायचा, ऋण असेल तर तितके बाइट जसेच्या तसे उतरवायचे. बदलांच्या फ्रेममध्ये नेमकं उलटं! हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एकेक बाइट बोटाने मोजला तेव्हा उलगडा झाला. चित्र काळपट दिसलं तर घाबरू नका: पॅलेटचे, म्हणजे चित्राच्या रंगांच्या यादीतले, आकडे ० ते ६३ असतात, ते वाढवून घ्यावे लागतात.

फाइल उलगडणारा डीकोडर झाला की थांबू नका, ती बनवणारा एन्कोडर लिहाच. खरं शिक्षण तिथे होतं. मी मोबाइलवर घरातली भिंत आणि समोरून जाणारी मांजर चित्रित केली, २५६ रंगांत उतरवली, तर फाइल कच्च्या डेटापेक्षा मोठी! डिदरिंग म्हणजे मोजक्या रंगांचे ठिपके मिसळून नसलेला रंग भासवणं; रंगांची चूक शेजारच्या पिक्सेलवर ढकलणाऱ्या डिदरिंगमुळे स्थिर भिंतसुद्धा प्रत्येक फ्रेमला वळवळत होती. ठरावीक नक्षीचं डिदरिंग लावलं, सगळ्या फ्रेमना एकच पॅलेट दिलं आणि किरकोळ फरक असेल तिथे मागचाच पिक्सेल ठेवला. मग भिंत एकदाची गप्प बसली आणि फाइलमध्ये फक्त मांजर चालू लागली.